वेळापत्रकात न बसलेली वाटी

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
रविवार, २२ नोव्हेंबर १९९८

तीर्थस्वरूप रामलिंगअण्णांच्या चरणी धाकट्या सोमशेखरचा साष्टांग नमस्कार.

तुमचा खोकला आता उतरला असेल. वहिनींचे गुडघे कसे आहेत? चंदगड स्टँडवरनं गाड्या वेळेवर सुटत असतीलच (तुम्ही कंट्रोलरच्या खुर्चीत असताना न सुटून जातील कुठे). इकडे आपली अव्वा ठीक आहे. शहात्तराव्या वर्षी कुणाच्या आईला जेवढं ऐकू यावं त्यापेक्षा तिला जास्त ऐकू येतं आणि जेवढं बोलावं त्यापेक्षा ती जास्त बोलते. बाकी सर्व क्षेम, असं इथं लिहायची रीत आहे. पण गेले पाच दिवस या घरात काय चाललं होतं ते वाचल्यावर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, म्हणून ते वाक्य गाळतो. शांभवीची बातमीही शेवटाकडेच येईल. पानं उलटून आधी ती शोधू नका. मी तिच्यासाठी पाच दिवस काढले, तुम्ही चार पानं काढायला हरकत नाही.

या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात, हे तुमच्या मोठेपणाचा पूर्ण मान राखून लिहितो. दिवाळीला तुम्ही इथं आलात, त्याच दिवशी टेलिफोन ऑफिसची डिमांड नोट आली. पाच वर्षं नंबर लावून बसलो होतो, आणि नंबर आला तो नेमका दिवाळीचा खर्च झाल्यावर. तीस नोव्हेंबरच्या आत डिपॉझिट भरा, नाहीतर पुन्हा रांगेच्या शेवटी. मी डोक्याला हात लावून बसलो, तेव्हा तुम्ही बंबातल्या गरम पाण्यानं आंघोळ करून आलात आणि टॉवेलानं कान पुसत सांगितलंत की घरखर्चात गळती असते, ती बंद केली की पैसा आपोआप उरतो. चंदगडला तुमच्या घरी आठवड्याच्या जेवणाचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं, सोमवार ते रविवार, सकाळ आणि संध्याकाळ, जे लिहिलंय तेच शिजतं आणि जेवढं लिहिलंय तेवढंच शिजतं. वहिनी तेव्हा शेजारी बसून लसूण सोलत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला ती संमती वाटली.

आता शांभवीचा पेच तुम्हाला ठाऊक आहेच, तरी पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पहिलं बाळंतपण, म्हणजे पोर माहेरी यायला हवी. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं आणि विजापूरहून हलवू नका म्हणाले. इकडे अव्वाला एकटं टाकून हिला (तुमच्या भावजयीला) महिनाभर आधी जाऊन बसता येईना. म्हणून जावयांशी, संगमेशरावांशी, असं ठरलं होतं की कळा सुरू झाल्या की त्यांनी शेजारच्या तात्यासोंच्या फोनवर कळवायचं, आणि हिनं पहिल्या गाडीनं निघायचं. हिची पिशवी दिवाळीपासनं दाराआड भरून ठेवलेली होती, बाळंतविड्याचा डबा, जुनी मऊ लुगडी, ओवा, सगळं. तात्यासोंचं घर आणि आमचं घर यांत एकच भिंत आहे. आमचा फोन आला की सीताबाई, म्हणजे तात्यासोंच्या मंडळी, त्या भिंतीवर लाटण्यानं तीन ठोके मारतात. गेली आठ वर्षं आमच्या घरातल्या सगळ्या बऱ्यावाईट बातम्या त्या तीन ठोक्यांनी आलेल्या आहेत. शांभवीचं लग्न ठरल्याची त्यातलीच एक.

दोन तारखेच्या सोमवारी मी वेळापत्रक लावलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीनं रेघा मारून, लाल शाईनं वार आणि निळ्या शाईनं पदार्थ. गूळ मार्केटातल्या अडतीवर बावीस वर्षं दिवाणजी म्हणून बसल्यामुळे माझा विश्वास काट्यावर. म्हणून दुकानातली एक जुनी तागडी घरी आणून फडताळात टांगली. तांदूळ मोजून, डाळ मोजून, शेंगदाणे मोजून. बुधवारी आख्खा मसूर, शुक्रवारी बाजारात जी स्वस्त असेल ती पालेभाजी, शनिवारी आठवड्याच्या उरल्यासुरल्याचं थालीपीठ. कांद्याचा भाव यंदा काय झालाय ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून रविवारच्या खान्यात मी नुसतं 'कांदा (एक)' असं लिहिलं होतं, आणि उरलेले कांदे कपाटात कुलपात ठेवले होते, हिच्या दागिन्यांच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात. अव्वानं तागडी बघितली आणि एवढंच म्हणाली, "माझ्या सासऱ्याची बी तागडी हुती. पर ती दुकानात असायची, घरात न्हाय."

सोमवारचा डाव तर मला फारच झकास सुचला असं वाटलं होतं. अव्वा सोमवार धरतेच, तर सगळ्यांनीच धरावा, म्हणजे आठवड्यातून एक दिवस चूल बंद. प्रत्यक्षात उपासाच्या दिवशी शाबू, वरी, रताळी, शेंगदाण्याची आमटी आणि वर दही असं करता करता सोमवार हा आठवड्यातला सगळ्यात महाग वार ठरला, आणि संध्याकाळी उपास सोडायला पुन्हा सगळा स्वयंपाक झालाच. हे मी दुसऱ्या सोमवारी ओळखलं, पण लाल शाईनं लिहिलेलं होतं म्हणून खोडलं नाही. मध्ये एका गुरुवारी हिच्या माहेरचे हातकणंगल्याचे पावणे भर जेवणाच्या वेळेला आले. त्यांना पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी मी उंबऱ्यातच विचारलं की जेवून आलाय न्हवं. ते बिचारे व्हय म्हणाले आणि चहा घेऊन गेले. ही त्या दिवशी भांडी घासताना जे आपटत होती ते भांडी नव्हती, मी होतो. तरी मी स्वतःला समजावलं की घरात आपला फोन बसला की सगळी विसरतील.

आता वाटीकडे येतो. अण्णा, तुम्ही बदल्यांवर राहिलात, त्यामुळे पेठेतल्या भिंतीआडचा व्यवहार तुम्हाला तितका ठाऊक नसेल. सीताबाईंनी काही विशेष केलं की वाटीभर आमच्याकडे येतं. मग ती वाटी धुऊन, तिच्यात आपलं काहीतरी घालून परत जाते. रिकामी वाटी परत करायची नाही, हा कायदा कुणी लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी जन्मात ऐकला नव्हता. सीताबाई जैन, दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून आमची वाटी पाचच्या आत जायची. ही गेली कित्येक वर्षं हे करते आणि मी गेली कित्येक वर्षं ते बघत नव्हतो. वेळापत्रक लागल्यावर मी बघायला लागलो. पंधरा दिवसांत आमच्या घरातून सहा वाट्या गेल्या. आल्या किती ते मी धरलं नाही, कारण आलेलं धरायचं नसतं अशी माझी समजूत झाली होती. तुमचा 'गळती' हा शब्द माझ्या कानात होता, आणि मला वाटलं, सापडली.

मंगळवारी, सतरा तारखेला, सीताबाईंकडून गव्हाची हुग्गी आली. शांभवीला लहानपणापासनं त्यांच्याच हातची ही खीर आवडायची. पोरीला नववा लागलाय, तिची आठवण झाली म्हणून केली, असा निरोप वाटीबरोबर होता. स्टीलची वाटी, तिच्यावर मशीननं टिंबटिंब करून 'सौ. सीताबाई' असं नाव कोरलेलं. हुग्गी मीच सगळ्यांत जास्त खाल्ली. ही त्या वेळी अव्वाच्या गोळ्या आणायला महाद्वाराकडे गेली होती. मी वाटी स्वच्छ धुतली, पंच्यानं पुसली, आणि स्वतः नेऊन दिली. नुसती दिली असती तरी एक वेळ निभावलं असतं. सीताबाईंनी वाटी हातात घेऊन आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मी खुलाशादाखल म्हणालो, "आमच्या वेळापत्रकात वाटी बसत न्हाय ओ आता."

अण्णा, मी हे वाक्य हसत म्हणालो होतो. एवढं तुम्ही धरून चाला.

सीताबाईंनी वाटी फळीवर पालथी ठेवली आणि आत गेल्या. मी घरी आलो आणि झालेलं सगळं हिला कौतुकानं सांगितलं. ही दाराच्या कडीला धरून उभी होती. तिचा चेहरा बघितला तेव्हा मला प्रथम कळलं की काहीतरी फार मोठं झालंय. ही म्हणाली, "आता ती भिंत कोण वाजवणार?" त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

बुधवारी सकाळी सव्वानऊला पलीकडे फोन वाजला. आम्ही तिघंही होतो तिथं थांबलो. अव्वा माळ ओढायची थांबली, हिचा हात पिठात राहिला, माझा एक पाय चपलेत. फोन पाच वेळा वाजला, कुणीतरी उचलला, बोलणं ऐकू आलं पण शब्द लागेनात. मग सगळं शांत. ठोके नाहीत. त्या दिवशी तो फोन चार वेळा वाजला. तात्यासोंचे पावणे कागलपासनं मिरजेपर्यंत पसरलेले आहेत, त्यांचेच असणार, हे मला कळत होतं. पण कळून काय उपयोग. प्रत्येक वेळी आम्ही तिघं त्या भिंतीकडे तोंड करून बसायचो. दुकानात असलो तरी माझं चित्त भिंतीपाशी. गुरुवारी सौद्याच्या वेळी मी एका अडतदाराच्या पावतीवर गुळाच्या ढेपांऐवजी 'वाट्या' असं लिहिलं, आणि मालकांनी मला चहा पाजून घरी पाठवलं.

गुरुवारी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या केरबाच्या एस.टी.डी. बूथवरून विजापूरला फोन लावला. विहीणबाईंनी उचलला, सगळं ठीक आहे म्हणाल्या, अजून आठ दिवस तरी लागतील. जरा बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्यातच मी सीताबाईंशी समेट करायचा बेत केला. यंदा घरात सगळ्यात मोलाची वस्तू कोणती? मी कपाटाचं कुलूप काढलं, चार कांदे निवडले, आमच्या सगळ्यात चांगल्या वाटीत रचले, आणि शुक्रवारी सकाळी स्वतः त्यांच्या उंबऱ्यात ठेवून हाक मारून परत आलो. दहा मिनिटांत वाटी आमच्या उंबऱ्यात होती. चारच्या चार कांदे तसेच. हिनं ते बघितलं आणि तीन दिवसांचं मौन सोडलं. सीताबाईंनी बारा वर्षांपूर्वी मुनिमहाराजांपुढं कांदा-लसूण सोडायचा नेम घेतलाय. ही त्यांच्यासाठी जाणारी प्रत्येक वाटी आमच्या भाजीतून फोडणीआधी वेगळी काढत होती. बारा वर्षं, अण्णा. आणि मी त्याच घरात जेवत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी विजापूरचा फोन कुणी उचलेना. केरबा म्हणाला, पावणं, बाहेर गेले असतील. शनिवारी सकाळी सहा वेळा लावला. घंटा वाजते आहे, कुणी उचलत नाही. (न उचललेल्या फोनचे पैसे पडत नाहीत. तीन आठवड्यांत मला फुकट मिळालेली ही एकच गोष्ट.) घरात सगळे एकदम बाहेर जातात कुठे, हे हिला आणि मला दोघांनाही माहीत होतं, पण तो शब्द कुणी काढला नाही. पोर दवाखान्यात आहे, कधीपासनं आहे ठाऊक नाही, तिचं काय चाललंय ठाऊक नाही. तिनं आईची वाट बघितली असेल. आणि कदाचित पलीकडच्या घरात ते कालपासनं ठाऊक असेल. हे शेवटचं माझ्या मनात आलं तेव्हा मी उठून ते वेळापत्रक भिंतीवरून फाडलं. अव्वा म्हणाली, फाडायला येळ केलास.

ही म्हणाली, मी जाते आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवून विचारते. मी म्हणालो, चूक माझी आहे, मी जातो. आम्ही दोघं दाराशी उभे राहून कोण जाणार यावर बोलत होतो. साडेचार वाजले होते. पलीकडे फोन वाजला. एकदाच वाजला आणि उचलला गेला, जणू कुणी त्याच्यावर हात ठेवूनच बसलं होतं. आणि मग तीन ठोके.

आम्ही दोघंही हललो नाही. हिला भीती वाटली की काय ऐकायला मिळेल, आणि मला तीच भीती वाटली. आम्ही जात नाही म्हटल्यावर सीताबाईच आल्या. पदर खोचलेला, एका हातात लाटणं तसंच राहिलेलं, दुसऱ्या हातात ती नाव कोरलेली वाटी, आणि वाटीत शिगोशीग साखर. त्या म्हणाल्या, "मुलगी झाली. सीझर करावं लागलं, पर दोघी बऱ्या हायत. कालपासनं त्यास्नी हिकडची लाइनच लागत नव्हती."

आणि हिच्या तोंडात साखर घातली, मग अव्वाच्या. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या तोंडून कसंबसं निघालं की आम्हाला वाटलं तुम्ही आता ठोकणार नाही. सीताबाईंनी माझ्याकडे बघितलं. "सोमण्णा, राग माझा त्या वाटीवर हाय. पोरीवर कशाला असंल? मंगळवारपासनं बस्तीला दर्शनाला गेलो न्हाय मी. फोन वाजला आन घरात कोण नसलं तर?" एवढं बोलून त्यांनी मलाही चिमूटभर साखर दिली. माझ्या हातावर दिली, तोंडात घातली नाही. ते मला बरोबरच वाटलं.

विजापूरची गाडी साडेसहाची होती. अव्वापाशी सीताबाई बसल्या, मी हिला घेऊन स्टँडवर गेलो, जागा धरून दिली, कंडक्टरला सांगितलं (तुमचं नाव सांगितलं; तो तुम्हाला ओळखत नाही). परत आलो तेव्हा सव्वासात झाले होते. सीताबाई अव्वाच्या पायाला तेल चोळत बसल्या होत्या. दिवस मावळून तास होऊन गेला होता. मी विचारलं, तुमचं जेवण? त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ दे आजचं. अण्णा, मी तीन आठवडे या घरातला घास न् घास तागडीत घालत होतो, आणि त्या बाईनं माझ्या घरात बसून आपलं एक जेवण सोडलं आणि ते कुठं लिहिलं नाही. मला फार लाज वाटली. तागडी आज सकाळीच दुकानात परत नेऊन टाकली.

तुम्ही आजोबा झालात, वहिनी आजी झाल्या, याबद्दल तुमचं उभयतांचं अभिनंदन. अव्वा पणजी झाल्यामुळे तिचं बोलणं आणखी वाढलं आहे.

आपला आज्ञाधारक बंधू,
सोमशेखर

ता.क. पत्राचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. ही आता सव्वा महिना तरी विजापुरातनं हलत नाही. काल रात्री मी अव्वाला पिठलं करून वाढलं. तिनं एक घास घेतला, ताट सरकवलं आणि रामलिंगला कळीव म्हणाली. तरी वहिनींना शक्य तितक्या लवकर इकडे पाठवावं. तुम्ही आला नाहीत तरी चालेल.

ता.क. दुसरं. गाडी सुटता सुटता हिनं खिडकीतनं एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला सांगू की नको असा विचार करत होतो. दिवाळीत लसूण सोलताना वहिनींनी हिला सांगितलं होतं की चंदगडला त्या रोज मनाला येईल ते शिजवतात, शेजारीपाजारी वाट्या पोहोचवतात, आणि जेवणं झाल्यावर तुमच्या वेळापत्रकावर जे शिजलं ते लिहून ठेवतात. तुम्ही ड्यूटीवरून येऊन ते वाचता आणि बरोबर चाललंय म्हणता. हे पत्र वहिनींच्या हाती पडू देऊ नका.

ता.क. तिसरं. डिपॉझिट भरतोय. तीन आठवड्यांची बचत केरबाच्या बूथवर, हिच्या तिकिटावर आणि शाबूवर गेली. मालकांकडून उचल घेतली. साखर आलेली ती वाटी मात्र माझ्याकडेच आहे आणि तिच्यात काय घालावं ते कालपासनं सुचत नव्हतं, कारण मला पिठल्याशिवाय काही येत नाही आणि त्यात कांदा पडतो. हे लिहीत असतानाच भिंतीवर तीन ठोके पडलेत. फोनवर ही असणार, नातीला बघून बोलत असणार. थांबायला वेळ नाही. गूळ मार्केटात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे आत्ता सुचतंय, पण फडताळात नमुन्याचा नवा गूळ आहे, त्यातला मोठा खडा न मोजता वाटीत घातलाय. वाटी घेऊन निघालो. ती रिकामी नाही, एवढं वहिनींना सांगा.